थोरल्या जावयाची निवड

दुसऱ्याचं काही चांगलं झालं की पॉलिशच्या पोटात दुखायचं. "ओवा खा," असं बायको म्हणायची. पण शेजाऱ्याच्या नव्या फ्रिजवर ओवा लागू पडत नाही हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त लायसन्सवर उरलं होतं. सगळी गल्ली त्याला पॉलिश म्हणायची. टायरवाल्याचं दुकान आणि खोक्यांचा कारखाना यांच्या मधोमध त्याची पत्र्याची शेड होती. आत थिनरचा वास, भिंतीला टेकवलेली दारं आणि बॉनेटं, आणि धूळ येऊ नये म्हणून लावलेला प्लॅस्टिकचा पडदा, ज्याच्यातून धूळ व्यवस्थित आत येत असे. ठोकर बसलेली गाडी त्या पडद्याआड जायची आणि अशी बाहेर यायची की मालक आधी तिच्यात बघून स्वतःचा भांग नीट करायचा आणि मग गाडी बघायचा.

हात सोन्याचा होता, यात वादच नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचे खड्डे ज्या लेपाने बुजवतात त्याला या धंद्यात लांबी म्हणतात. गाडीवर कुठे किती लांबी भरली आहे हे पॉलिश बोटाचं पेर आपटून सांगायचा. डोळे मिटून हाताची मागची बाजू दारावरून फिरवायचा आणि म्हणायचा, "हे दार या गाडीचं नाही." जुनी गाडी घेणारी निम्मी माणसं त्याला सोबत घेऊन जात. आणि एवढं सगळं असून त्याच्या स्वतःच्या मालकीची एक स्कूटर होती, जिच्या डाव्या बाजूला लग्नाच्या आधीपासून पोचा होता.

पोचा काढला नव्हता, कारण मन स्कूटरमध्ये नव्हतं. त्याला एक जुनी पिकअप हवी होती. फोर बाय फोर, चारही चाकांनी ओढणारी. छप्पर कापून तिला उघडी करायची, उंच करायची, जाडजूड टायर घालायचे, आणि रस्ता संपतो तिथून पुढे न्यायची. हे तो लग्न झाल्यापासून सांगत होता. आधी बायको विचारायची, "कधी?" मग तिने विचारणं सोडलं. मग त्यानेही सांगणं सोडलं, पण हवंसं वाटणं काही सुटलं नाही.

आणि मग एका रविवारी जेवताना साडूने सांगून टाकलं की तो एक जुनी पिकअप घेतोय. उघडी करून, उंच करून, डोंगरात न्यायला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंदा कवळ्या बनवण्याचा. एका दातांच्या डॉक्टरच्या मागच्या खोलीत बसून तो प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण आणि पांढऱ्या दातांच्या पट्ट्या घेऊन लोकांचं हसू तयार करायचा. पॉलिश त्याला मनात कवळीवाला म्हणायचा, तोंडावर साडूभाऊ. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा हेवा बिनधास्त करता येतो. हा मेला चांगला होता. आजारपणात डबा आणणारा, मुलांच्या वाढदिवसाच्या तारखा लक्षात ठेवणारा, आणि वर पॉलिशच्या हाताची चारचौघांत तारीफ करणारा. त्यामुळे हेवा करायचा तो लपूनछपून करावा लागे, आणि लपवलेला हेवा आतल्या आत जास्तच मुरतो.

"साडूभाऊ, निवडून तुम्हीच द्यायची," कवळीवाला म्हणाला. "मला चाकं किती तेवढं कळतं. बाकी तुमच्या भरवशावर."

पॉलिशने घास गिळला. घशात अडकला, पण गिळला.

खरी कळ यानंतर आली. सासरे जेवता जेवता थांबले. सासऱ्यांनी उभी हयात अंड्यांची पिकअप चालवण्यात घालवली होती. घाटाच्या वळणांवरून, खड्ड्यांतून, अंड्यांचे ट्रे वरपर्यंत रचून. आणि फुटलेलं अंडं दिवसाला एखादं, तेही म्हणे कोंबडीचीच चूक. आता एक डोळा धूसर झाला होता, लायसन्स संपलं होतं आणि सासूबाई गेल्यापासून ते जेवायला बसले की ताटाशी बोलल्यासारखे खाली बघून जेवत. त्या सासऱ्यांनी मान वर केली. धूसर डोळासुद्धा लकाकला.

"मी येतो," ते म्हणाले. "आणि ऐका दोघंही. चांगले कपडे घालून यायचं नाही. गाडी पाठीवर पडून बघायची असते. बघून आलेल्या माणसाची पाठ मळलेली नसली तर समजायचं, त्याने गाडी बघितलीच नाही."

धाकटी हसली, मोठी हसली, कवळीवाला तर हसतच होता. पॉलिशला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. नवा जावई असताना त्याने सासऱ्यांची अंड्यांची पिकअप फुकट रंगवून दिली होती. आठवडाभर शेडमध्ये दुसरं काम घेतलं नव्हतं. सासऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आरसा जरा आत वळवा." बस. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्याने स्वतःबद्दल एक चांगला शब्द ऐकला नव्हता. तो शब्द यावा म्हणून त्याने काय काय केलं होतं! छपराची गळती काढली, दवाखान्यात रात्री काढल्या, सासूबाई गेल्या तेव्हा खांदा दिला. आणि या कवळीवाल्याने नुसतं "पिकअप घेतोय" म्हटलं, तर म्हातारा पालवी फुटल्यासारखा उठून बसला. पॉलिशच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलं स्वप्न उचललं ते उचललं, वर आपला सासराही उचलला!

जुन्या गाड्यांचं आवार गावाबाहेर होतं. तारेचं कुंपण, आत ओळीने गाड्या, आणि एका कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत दलाल. पॉलिश मुद्दाम इस्त्रीची क्रीम रंगाची पँट घालून गेला. दलालासमोर आपण कोणी आहोत असं दिसायला हवं, अशी त्याची समजूत. कवळीवाला जुना टी-शर्ट घालून आला होता आणि शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा उड्या मारत होता.

फोर बाय फोर पिकअप दोनच होत्या. एक पांढरी आणि एक हिरवी. पांढरी अशी की बघत राहावं. हिरवी अशी की नजर आपोआप पांढरीकडे वळावी. हिरवीच्या दाराखाली गंजाने जाळी पडली होती, मागच्या हौद्याच्या तळातून जमीन दिसत होती आणि इंजिनमधून झिरपलेल्या तेलाचं खाली मातीत डबकं साचलं होतं.

"या पांढरीत काय न्यायचे?" सासऱ्यांनी दलालाला विचारलं.

"मासळी. बंदरावरून."

"आणि हिरवीत?"

"गाद्या."

सासऱ्यांनी नुसतं 'हं' केलं. दलाल त्यांना आणि कवळीवाल्याला घेऊन चाव्या आणायला खोलीकडे गेला. जाता जाता कवळीवाला म्हणाला, "तोवर तुम्ही बघून घ्या साडूभाऊ, खालून-वरून."

पॉलिश एकटा उरला. त्याने पांढरीवर बोटाचं पेर आपटलं. टण्. दुसऱ्या दारावर आपटलं. टण्. हाताची मागची बाजू फिरवली. कंपनीचा मूळ रंग, कुठे लांबीचा कण नाही. एवढ्या वयाची गाडी आणि इतका निकोप पत्रा त्याने फार दिवसांत बघितला नव्हता. मग तो हिरवीकडे गेला. तिथे आपटायची गरजच नव्हती. बोट आत जायची भीती होती.

तिथे उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांसमोर चित्र आलं. पांढरी पिकअप, उंच केलेली, जाड टायरांची, डोंगरावर उभी. स्टिअरिंगवर कवळीवाला. शेजारी सासरे, वाऱ्याने केस उडताहेत, हसताहेत. आणि आपण खाली, पोचा पडलेल्या स्कूटरवर. ते चित्र त्याला सहन होईना. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा काही मुद्दाम व्हावा लागत नाही, एवढं एक चित्र पुरतं. ते तिघं चाव्या घेऊन परत येईपर्यंत पॉलिशचं ठरलं होतं.

"बघितल्या दोन्ही, खालून-वरून," तो म्हणाला. "पांढरीला हात लावू नका. अपघातातली आहे. रंगाखाली बोटभर लांबी आहे."

"अहो काय बोलता!" दलाल उसळला. "कंपनीचा रंग आहे तो! आईची शपथ!"

दलाल आयुष्यात एकदा खरं बोलत होता आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

"मग?" कवळीवाल्याने विचारलं.

"हिरवी घ्या."

"ही?" कवळीवाल्याने दाराच्या भोकातून चार बोटं आत घालून पलीकडून हलवून दाखवली. "साडूभाऊ, ही तर किडलेली दाढ आहे."

"तुम्हाला बॉडी कापायचीच आहे ना?" पॉलिश झटक्यात बोलून गेला. "मग पत्र्याचं काय घेऊन बसलात? खालचा सांगाडा महत्त्वाचा. मी बघितलाय. सरळ आहे."

त्याने सांगाडा बघितला नव्हता. वाकलासुद्धा नव्हता, क्रीम पँट होती. तोंडाला जे आलं ते बोलला, आणि गुंडाळायला सोपं जावं म्हणून जरा शहाणपणाचं बोलला, इतकंच.

सासऱ्यांनी हात पुढे केला. "चावी."

गाडी पारखायची त्यांची एक पद्धत होती. ते गाडी पुढे चालवून बघतच नसत. "पुढे जायला काय, कुठलीही गाडी पुढे जाते. चढावर उलटी घ्या, मग बोलते ती," असं त्यांचं म्हणणं. आवाराच्या फाटकाकडे एक चढ होता. म्हातारा हिरवीत चढला, एकदा-दोनदा खाकरून इंजिन सुरू झालं, आणि त्यांनी रिव्हर्स टाकून गाडी चढावर मागे घेतली. अर्ध्यावर थांबवली, परत मागे घेतली. गिअरचा एक अखंड घुमणारा आवाज, कुठे अडखळ नाही, कुठे क्लच घसरल्याचा वास नाही. खाली उतरल्यावर त्यांनी मागच्या चाकाआडून हात घातला आणि सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवरून हातभर फिरवला. तळवा तेलाने काळाकुट्ट होऊन बाहेर आला. तो त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि फडक्याला पुसला. मग पॉलिशकडे बघितलं. आधी पायांकडे, मग तोंडाकडे.

"घ्या हीच," ते कवळीवाल्याला म्हणाले. "थोरल्यांनी बरोबर निवडली."

पॉलिशच्या कानांवर ते शब्द पडले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द आला होता, सगळ्यांसमोर, दलालासकट. एक क्षणभर त्याला वाटलं, आपण धावत जाऊन मोठीला सांगावं. आणि दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की हा शब्द आपल्याला मिळालेलाच नाही. तो अशा कोणा थोरल्याला मिळाला होता ज्याने गाडीखाली जाऊन सांगाडा बघितला होता आणि साडूचं भलं चिंतलं होतं. असा थोरला तिथे कोणी नव्हता.

म्हातारा डोळ्यांनी अधू झालाय, त्याची पारख गेली, अशी त्याने समजूत करून घेतली. गाडी उघडली की कुजका सांगाडा बाहेर येईल, कवळीवाला डोकं धरून बसेल, आणि थोरल्यांनी बरोबर निवडली हे वाक्य आपोआप पुसलं जाईल. त्याला ते पुसलं जायला हवं होतं आणि नकोही होतं. अशी माणसाची गंमत.

पण पुसलं जाईना. गाडी कवळीवाल्याच्या घरामागच्या गॅरेजमध्ये गेली आणि सासरेही तिच्यामागोमाग गेले. सकाळी उठून, डबा घेऊन, नोकरीवर निघाल्यासारखे. हौदा उतरला, दारं उतरली, इंजिन उतरलं. मोठी रोज बहिणीकडून खबर आणायची. "अहो, बाबा काल गाणं म्हणत होते." "अहो, बाबांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या." आणि शेवटी ठरलेलं, "सगळं तुमच्यामुळे हो. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या थोरल्यांनी निवडली."

आधी पॉलिश फक्त साडूचा हेवा करत होता. आता दोघांचा करावा लागत होता. एक कवळीवाला, ज्याच्या गॅरेजमध्ये म्हातारा गाणं म्हणत होता. आणि दुसरा तो थोरला, ज्याची म्हातारा तारीफ करत होता. त्या थोरल्याला पॉलिश अक्षरशः पाण्यात पाहू लागला. लोक त्याला पॉलिशच समजत हे सगळ्यात वाईट. "तुम्हीच ना ती हिरवी शोधलीत?" असं टायरवाल्याने विचारलं की तो मान डोलवायचा आणि आतून म्हणायचा, नाही रे बाबा, तो वेगळा. तो फार बरा माणूस आहे.

गॅरेजकडे तो फिरकला नाही. कामाचं निमित्त होतंच. रंगवायचे पत्रे कवळीवाला स्वतः टेम्पोत घालून शेडमध्ये आणायचा. एकदा पत्र्यांबरोबर त्याने खिशातून गुलाबी मेणाचा गोळा काढला. "साडूभाऊ, हे मेण नवीन आणलंय, मऊ आहे का बघा बरं. जोरात दाबा." पॉलिशने हातातलं काम न सोडता गोळा मुठीत आवळला आणि परत दिला. "बरं आहे की." कवळीवाल्याने तो रुमालात असा काही गुंडाळून ठेवला की पॉलिशला वाटलं, याला धंद्याचं वेडच लागलं.

पत्रे त्याने मन लावून रंगवले. गंज कापला, नवा पत्रा जोडला, लांबी अशी घासली की पेर आपटून त्याची त्यालाच सापडू नये. आपण असं का करतोय हे त्याला कळत नव्हतं. हाताला वाईट काम जमत नव्हतं, एवढंच. मनाला जमतं ते सगळं हाताला जमतंच असं नाही.

अशात एक दिवस शेडच्या दारात पांढरी पिकअप येऊन उभी राहिली. तीच ती. एका भाजीच्या व्यापाऱ्याने घेतली होती आणि पुढच्या कोपऱ्याला ठोकर बसली होती. "पॉलिशभाऊ, चेहरा नीट करून द्या हिचा," व्यापारी म्हणाला. पॉलिशने प्रेमाने बॉनेटवर हात फिरवला. मग चाक काढायला खाली जॅक लावला आणि दांडा फिरवू लागला. दांडा फिरत राहिला, पण गाडी उचलली जाईना. एकदम बिस्कीट मोडल्यासारखा आवाज आला आणि जॅकचं डोकं सांगाड्यात घुसलं.

तो जमिनीवर आडवा झाला आणि आत बघितलं. मासळीच्या खोक्यांतून वर्षानुवर्षं ठिबकलेल्या खाऱ्या पाण्याने लोखंडाचे पापुद्रे केले होते. नखाने ओढला तरी पापुद्रा हातात येत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा! हिला डोंगरात नेली असती तर कुठल्या तरी उतारावर मधोमध मोडली असती. कवळीवाला आत असता. शेजारी सासरे असते.

पॉलिश बराच वेळ तसाच आडवा राहिला. आता त्याला सगळं कळलं. गाद्या वाहणारी हलकी गाडी. इंजिनचं तेल वर्षानुवर्षं झिरपून मागपर्यंत पसरलं आणि सांगाड्याला त्याने गंजच चढू दिला नाही. म्हाताऱ्याच्या तळव्याला लागलं होतं ते तेल. म्हणजे चांगली समजून जी घेऊ दिली नाही ती घातकी निघाली, आणि वाईट समजून जी गळ्यात मारली तीच अस्सल होती. आयुष्यभर आपण कातडीच बघितली. दुष्टपणा केला तो केला, आणि तोही धड जमला नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून हसून सोडून द्यावं, तर त्याला हसू येईना. तो थोरला, जो नव्हताच, त्याला हे सगळं कळलं असतं. पॉलिशच्या पोटात त्या दिवशी जी कळ आली तिला ओव्याचं शेत पुरलं नसतं.

गाडी तयार झाली. पहिल्यांदा चालवायची म्हणून सगळे एका सकाळी बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जमले. पॉलिश नवा पांढरा शर्ट घालून आला, यायचं मन नव्हतं तरी. हिरवी पिकअप खाणीच्या तळाशी उभी होती, उंच, रुंद, छाती काढून. त्याने दिलेल्या रंगात आभाळ दिसत होतं. पॉलिशने तिच्याकडे बघितलं आणि त्याला ती इतकी हवीशी वाटली की त्याने नजर वळवली.

"थांबा, थांबा," कवळीवाला ओरडला. "अजून एक गोष्ट बसवायची राहिलीये." त्याने रुमाल सोडला. आत गिअरच्या दांड्याची मूठ होती. कवळीच्या मसाल्यात ओतलेली, हिरडीसारखी गुलाबी, वर गिअरचे आकडे पांढऱ्या दाताच्या तुकड्यांत कोरलेले. "हसू नका कोणी. साडूभाऊ, धरून बघा."

पॉलिशने धरली. अंगठा एका खळग्यात बसला, चार बोटं चार खळग्यांत. हात घातला आणि हात नाहीसा झाला, इतकी ती मापात होती. त्या दिवशीचा मेणाचा गोळा त्याला आठवला.

"तुमच्याच मुठीचा साचा आहे," कवळीवाला म्हणाला. "गाडी तुम्ही निवडली, रंग तुमचा. पहिल्यांदा तुम्हीच चालवायची. आणि पुढेही, मनात येईल तेव्हा न्यायची. मोठ्या ताई बोलल्या मला, तुम्ही किती वर्षं असली गाडी करायची म्हणत होतात ते. मला एकट्याला कुठे जमणार होतं? म्हटलं, निदान दोघांची होईल."

मोठी पदराशी चाळा करत खाली बघत होती. पॉलिशला मूठ सोडताही येईना आणि धरवेनाही. मग तो एकदम बोलला, जरा मोठ्यानेच.

"मी नाही निवडली. ऐका सगळे. तुमची फजिती व्हावी म्हणून मी ही गळ्यात मारली होती. पांढरी चांगली वाटली म्हणून खोटं सांगितलं. सांगाडा मी बघितलाच नव्हता."

मग कवळीवाला खो खो हसायला लागला. "बघा! बघा यांचं! एवढं करून वर श्रेय नको!" धाकटी म्हणाली, "भाऊजींचं हे नेहमीचंच. कौतुक केलं की लाजतात." मोठीसुद्धा हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याचा इतका अभिमान तिच्या तोंडावर त्याने कधी बघितला नव्हता. खरं बोललो तर तो थोरला आणखी मोठा झाला! पॉलिशला वाटलं, आता या माणसापासून आपली सुटका नाही.

फक्त सासरे हसले नव्हते. ते काठी टेकत त्याच्याजवळ आले, आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मला माहितीये."

"काय?"

"त्या दिवशी तुमच्या पँटचे गुडघे क्रीमचे क्रीमच होते. त्या आवारात गाडीखाली जाऊन आलेला माणूस असा दिसत नाही. एवढं दिसतं मला अजून."

पॉलिशच्या तोंडचं पाणी पळालं. "मग... मामा, मग थोरल्यांनी बरोबर निवडली असं का म्हणालात? सगळ्यांना सांगत का फिरलात?"

"निवडली बरोबरच होती. ती का निवडली, ते मी कुठे सांगितलं कोणाला?" म्हाताऱ्याने गाडीच्या चमकत्या दारावर हात ठेवला. "हे दार मात्र मी नीट बघितलंय. इथे खोटं नाही." मग काठीने गाडीखाली खूण केली. "बाकीचं अजून बघायचं राहिलंय तुमचं. बघून घ्या."

पॉलिशने मूठ साडूच्या हातात दिली आणि नव्या शर्टासकट तो खडीवर आडवा झाला. पाठीला दगड टोचत होते. सरपटत तो हिरवीच्या पोटाखाली गेला. सांगाडा पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत दोरी लावल्यासारखा सरळ होता. तो घासून काळा रंगवला होता, पण एका जोडापाशी जुन्या तेलाचा थर म्हाताऱ्याने तसाच ठेवला होता. पॉलिशने त्यावर तळवा फिरवला. दुसऱ्या पट्टीवर फिरवला. प्रत्येक जोड, प्रत्येक नट त्याने हाताने चाचपला. हे आपण त्या दिवशी बघितलं असतं तर, असं त्याला फार वाटलं. त्या थोरल्याचा हेवा अजूनही होता. पण आता तो निदान ओळखीच्या माणसाचा होता.

"अहो, नवा शर्ट!" वरून मोठीचा आवाज आला.

तो बाहेर आला. तळवा काळा, पाठ करड्या भुकटीने आणि खडीने भरलेली. कवळीवाला लगबगीने पाठ झटकायला पुढे झाला, तसे सासरे म्हणाले, "राहू द्या. झटकू नका. गाडी बघून आलेत ते."

पॉलिश चढून बसला. शेजारी सासरे बसले, कोणी न सांगता. कवळीवाल्याने खिडकीतून हात घालून मूठ दांड्यावर बसवून दिली. समोर खाणीचा रस्ता सरळ बाहेर जात होता आणि मागे चढ होता.

"मामा, आधी उलटी घेऊ ना?" पॉलिशने विचारलं.

"विचारता काय," सासरे म्हणाले, "आणि आरसा जरा आत वळवा."